पेटीतला कोहळा

'पिंपरतळ केंद्रात सध्या एकही नवजात बाळ नाही,' असं यंत्राने मला कळवलं तेव्हा ते बाळ माझ्या हातात होतं. मुलगी होती. वेळेआधी आलेली, माझ्या मुठीएवढं तोंड असलेली आणि माझ्या हातातच गार पडत चाललेली. तिला ऊब हवी होती, उबेसाठी वीज हवी होती, आणि वीज द्यायची की नाही हे ज्याच्या हातात होतं त्याच्या लेखी ती जन्मालाच आलेली नव्हती. ही हकिगत शांत डोक्याने सांगा, असा सल्ला मला बऱ्याच शहाण्यांनी दिला आहे. त्यांचं शांत डोकं त्यांना लखलाभ असो.

मी डॉ. शर्वरी ढेबे, पिंपरतळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी. पिंपरतळ धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगराला चिकटून वसलेलं गाव आहे. तालुक्याहून यायचं तर लाँच, आणि लाँच बंद असली तर दिवसभराची पायपीट. या धरणाच्या पाण्यावर किती शहरांचे दिवे लागतात याची बढाई आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा मारून जातो. पलीकडच्या वाड्यांचे विजेचे खांब मात्र दर पावसाळ्यात आडवे होतात ते दिवाळीपर्यंत आडवेच राहतात.

मूळची मी कोल्हापूरची. पिंपरतळ हे माझ्या नवऱ्याचं, हर्षदचं गाव. लग्न ठरताना तो गावाबद्दल इतकं भरभरून बोलला की मी मुद्दाम मागून इथली नेमणूक घेतली. वर्षभरात हर्षदला पुण्याला नोकरी लागली. म्हणजे मी त्याच्या गावात त्याच्या आईसोबत, आणि तो पुण्यात समतोलसोबत. सवत करायचीच होती तर निदान माणसातली करायची, असं मी त्याला चिडवायची. तेव्हा ते चिडवणंच होतं.

समतोल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मुळात ती चांगली गोष्ट होती आणि हे मी आजही नाकारत नाही. आमच्या केंद्राच्या छपरावर ज्या सौर पट्ट्या आहेत त्या जुन्यांसारख्या नाहीत. जुन्यांना कडक ऊन लागायचं, आभाळ भरलं की त्या मान टाकायच्या. नव्या पट्ट्यांना दोन थर असतात. उजेडातले काही रंग वरचा थर टिपतो, उरलेले खालचा, त्यामुळे ढगाधुक्यातून गाळून आलेला फिका उजेडही वाया जात नाही. वीज साठवायला अंगणात कपाटांसारख्या उभ्या बॅटऱ्या आहेत, मिठात असतं त्या सोडियमवर चालणाऱ्या. आणि जिल्ह्यातली सगळी आरोग्य केंद्रं तारांनी एकमेकांना जोडलेली आहेत. आमच्याकडे येणारी तार धरणाच्या तळातून येते. ज्याच्याकडे जास्त त्याने कमी असलेल्याला द्यायचं, इतकी साधी कल्पना.

कुणी कुणाला किती द्यायची हे समतोल ठरवतो. तो हर्षदने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेला. उद्या कोणत्या केंद्राला किती वीज लागेल याचा अंदाज तो आजच बांधतो: हवामान, लसींचा साठा, मागचा वापर आणि मुख्य म्हणजे त्या केंद्रात नोंदवलेल्या गरोदर बायका. कुणाचे दिवस कधी भरतात हे पाहून तो त्या केंद्राच्या बॅटऱ्या आधीच भरून ठेवतो. माणसाने मध्ये हात घालायची सोय त्यात जवळजवळ ठेवलेलीच नव्हती, आणि हा हर्षदचा हट्ट होता. पूर्वी साहेबाचा फोन आला की विश्रामगृहाचा एसी चालायचा आणि प्रसूतीच्या खोलीत मेणबत्ती लागायची, हे त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. "यंत्राला काका-मामा नसतात," तो म्हणायचा. त्याच्या या वाक्यावर मी खरंच भाळले होते.

पण यंत्राला काका-मामा नसतात तशी आईही नसते, आणि घोळ तिथेच झाला. आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की आई येते आणि लेकीला घेऊन जाते. मग बाजेखालची शेगडी, डिंकाचे लाडू, आईच्या हातचं तेल. कितीही दवाखाने उघडा, ही रीत हललेली नाही. गरोदरपणाची नोंद मात्र सासरच्या पत्त्यावर होते. पिंपरतळच्या तरुण सुना नवऱ्यांबरोबर शहरात राहतात, त्यांची नोंद तिथेच होते, त्यामुळे समतोलच्या हिशेबी आमच्या गावात कुणी गरोदरच नसायचं. आणि माझ्या केंद्रात तर दर महिन्याला माहेरवाशिणी बाळंत होत होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेली वीज त्यांच्या सासरच्या केंद्रांत पडून राहायची आणि आम्ही भर पावसाळ्यात विजेरीच्या उजेडात टाके घालायचो.

मी हे हर्षदला पहिल्या पावसाळ्यातच सांगितलं. दुसऱ्या पावसाळ्यात भांडून सांगितलं.

"पडद्यावर तक्रारीची खिडकी आहे, तिच्यावर नोंदव," तो फोनवर म्हणाला.

"नोंदवली. प्रत्येक बाईमागे नोंदवली. तुझी खिडकी म्हणते, या केंद्रात अशी रुग्ण नाही."

"शर्वरी, एक बाई एकाच ठिकाणी मोजावी लागते. दोन ठिकाणी मोजली तर लोक तीच बाई चार ठिकाणी दाखवून वीज ओढतील."

"मग नोंद माहेरी आणता येऊ दे."

"येते की. सासरच्या केंद्राने सोडली की लगेच येते."

सासरचं केंद्र ती कशाला सोडेल? एक नोंद सोडली की त्यांचा आकडा घटणार, आणि आकडा घटला की समतोल त्यांची वीज कमी करणार. प्रत्येक केंद्र आपापल्या सुनांना कागदावर धरून बसलं होतं. तिकडच्या सिस्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्याही पोटात समतोलची भीती होती.

कोहळ्याची युक्ती आमच्या शैला सिस्टरची. शैला कांबळे ही माझी परिचारिका, हाताने जितकी हलकी तितकी तोंडाने तिखट. एके दिवशी माझ्या सासूबाई केंद्राच्या दारावर बांधायला कोहळा घेऊन आल्या. केंद्राला कुणाची तरी दृष्ट लागली आहे असं त्यांचं ठाम मत होतं. शैला सिस्टरने कोहळा दोन्ही हातांत घेऊन खालीवर केला.

"मॅडम, वजन बघा. चांगलं भरलेलं बाळ हाय."

"मग?"

"मग ह्यालाच पेटीत घालू या. वरच्या साहेबाला माणसं दिसत न्हाईत, ह्यो तरी दिसंल."

पेटी म्हणजे अशक्त बाळाला ऊब देणारा वॉर्मर. वर तापणारी कांडी, खाली गादी, बाजूला काचा. गादीखाली वजन कळतं, बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या तारेने ताप कळतो, आणि ते सगळं थेट समतोलकडे जातं. आम्ही कोहळा दुपट्यात गुंडाळला, त्याला तार चिकटवली आणि पेटीत निजवला. शैला सिस्टरने त्याच्या गालावर काजळाची तीट लावली. आम्ही तिघी इतक्या हसलो की सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवशी आमच्या बॅटऱ्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या.

आठवडाभर हे चाललं. त्या आठवड्यात एक माहेरवाशीण लख्ख उजेडात बाळंत झाली. मग पडद्यावर अक्षरं उमटली: 'पिंपरतळ: बनावट भार.' खरं बाळ हलतं, रडतं, दूध प्यायला उचललं जातं, त्याचा ताप पुढेमागे होत राहतो. कोहळ्याचा ताप सरळ रेघेत चढला आणि तिथेच बसला. समतोलने ते ओळखलं, आमची वीज आणखी कापली आणि एक गोष्ट कायमची मनात धरली: पिंपरतळच्या पेटीत जे निपचित पडलेलं असतं ते बाळ नसतं.

हर्षदचा फोन आला. "तू पेटीत कोहळा ठेवलास?"

"तुझ्या यंत्राला माणसं दिसत नाहीत. म्हटलं भाजी दिसते का बघू."

"यात गंमत नाही. तुमच्या केंद्राची विश्वासार्हता गेली."

"आमची गेली? आणि तुझ्या यंत्राची? ते दोन वर्षं खोटं बोलतंय, हर्षद. रोज सकाळी पडद्यावर लिहितं, गरोदर महिला: एकही नाही."

त्याने फोन ठेवला. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

नंतर बोलावं लागलं, कारण त्याची धाकटी बहीण ऋतुजा माहेरी आली. पहिलटकरीण. तिची नोंद अर्थातच सासरी, पार घाटाखाली. मी हर्षदला म्हणाले, "आता तुझीच बहीण आहे. तिची नोंद इकडे आण." सासरच्या केंद्राने ती सोडली नाही. आतून बदल करणं हर्षदला शक्य होतं, पण तो म्हणाला, "मीच असं केलं तर मग त्या साहेबांत आणि माझ्यात काय फरक?" मला राग आला आणि त्याचा आदरही वाटला. शेवटी असं ठरलं की दिवस भरायच्या बऱ्याच आधी ऋतुजाला तालुक्याला हलवायचं. तिला न्यायला म्हणून हर्षद रजा काढून आला, आणि तो आला त्याच दिवशी धुकं असं उतरलं की लाँच धक्क्यावरून सुटेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजाचं पाणी गेलं. आठवा महिना होता.

भर दुपारी खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार होता. आठ-दहा दिवस सूर्य असा दिसलाच नव्हता, आणि त्यातच धरणाच्या तळातली तार निकामी झाली होती. जिल्ह्यापासून आम्ही तुटलो होतो. एका तारेवर दोनच केंद्रं उरली होती: आम्ही आणि पाण्याच्या फाट्यापलीकडचं उंबरमाळ. उंबरमाळला लसींचा मोठा साठा म्हणून समतोलने त्यांच्या बॅटऱ्या बऱ्यापैकी भरून ठेवल्या होत्या. आमच्या बॅटऱ्यांत एक दिवा लागेल इतपत वीज होती, पेटीला लागणारी उंबरमाळहूनच यायची होती.

मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. शैला सिस्टरने तिला पुसून पेटीत ठेवलं, कांडी लाल झाली, आणि आम्ही दोघी ऋतुजाकडे वळलो. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. मी पोट चोळत होते, शैला सिस्टर इंजेक्शन भरत होती. तेवढ्यात पेटी विझली.

मी हात पुसून बाळाला उचललं आणि पडद्याकडे पाहिलं. 'वजन स्थिर, हालचाल नाही. बनावट भार. पिंपरतळ केंद्रात सध्या एकही नवजात बाळ नाही.' अशक्त बाळ हलत नाही म्हणून तर त्याला पेटीत ठेवतात. समतोल तिला कोहळा समजला होता.

"हर्षद, आत ये," मी हाक मारली. "शर्ट काढ."

"काय?"

"शर्ट काढ आणि खुर्चीत बस. हिला छातीशी धर, कातडीला कातडी. हलू नकोस."

मी बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून सासूबाईंची घोंगडी टाकली. आईची छाती याहून बरी, पण आई रक्तात पडली होती. सासूबाईंच्या हातात मी विजेरी दिली. त्यांनी विजेरी अशी धरली होती की मला हव्या त्या जागी उजेड पडत होता.

"वहिनी, बाळ रडत का नाही?" ऋतुजाने विचारलं.

"मामाच्या मांडीवर आहे. तू डोळे उघडे ठेव, माझ्याशी बोलत राहा."

हर्षदने एका हाताने फोन लावला. स्वतःच्याच यंत्राच्या मदतवाहिनीला. फार गोड आवाज आहे तिचा.

"आपल्या केंद्रात सध्या एकही नवजात बाळ नाही," आवाज म्हणाला. "तक्रार नोंदवण्यासाठी बाळाचा क्रमांक सांगा."

"आत्ता जन्मलंय. क्रमांक नाही अजून."

"क्रमांक आईच्या नोंदणी केंद्रातून मिळेल. आईचं नोंदणी केंद्र पिंपरतळ नाही. आणखी काही मदत हवी आहे का?"

"अगं बाई, ती माझ्या छातीवर आहे," हर्षद म्हणाला. इतका शिकलेला माणूस, स्वतः घडवलेल्या आवाजाला अगं बाई म्हणून विनवत होता. "गार पडतेय ती. मी खोटं बोलत नाही."

"आपल्या केंद्राची विश्वासार्हता कमी आहे," आवाज म्हणाला.

हे त्याचे स्वतःचे शब्द होते. मला त्याची कीव यायला हवी होती. मला नुसता संताप आला, आणि तो संताप हातात उतरू नये म्हणून मी दात आवळून काम करत राहिले.

मग त्याने दुसरा फोन लावला, पुण्याला, त्याच्या वरच्या साहेबांना. "सर, पिंपरतळला हाताने प्राधान्य द्या. हो, नियम मीच लिहिलाय, माहीत आहे मला. सर, माझी बहीण आहे."

माझी बहीण आहे. एवढं एक वाक्य पुरलं. दोन पावसाळे मी ओरडत होते, कितीतरी बायकांच्या तक्रारी मी त्या खिडकीतून आत ढकलल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही साहेबाला फोन करणारा भाऊ नव्हता. इकडे घोंगडीखाली फोन पेटला आणि समतोलने हर्षदला विचारलं, उंबरमाळची वीज तोडू का?

"तिथे कुणी नाहीये," हर्षद पडद्यावर वाचत म्हणाला. "नोंदलेली एकही बाई नाही, नुसत्या लसी आहेत. फ्रीज गारवा धरून ठेवतो बराच वेळ." आणि त्याने अंगठा दाबला.

ज्या पडद्याने घटकेपूर्वी त्याच्या छातीवरच्या बाळाला नाही म्हटलं होतं, त्याच पडद्यावर त्याने विश्वास ठेवला. मी ते ऐकलं. माझे दोन्ही हात त्याच्या बहिणीचं रक्त थांबवण्यात गुंतले होते, आणि मीही काही विचारलं नाही.

खोली उजळली. पेटीची कांडी लाल झाली. मला फाटलेली जागा दिसली, टाके पडले, रक्त ओसरलं. शैला सिस्टरने बाळाला पेटीत ठेवलं आणि बघता बघता त्याच्या ओठांचा निळेपणा गेला. ते चांगलं खणखणीत रडलं. सासूबाईंनी विजेरी बाजूला ठेवून कडाकडा बोटं मोडली. हर्षद उघड्या अंगाने भिंतीला टेकून रडत होता.

थोड्या वेळाने केंद्राचा फोन वाजला. पावसाळ्यात उंबरमाळचा फोन लागता लागत नसे, हाही तुटत तुटत आला. उंबरमाळच्या वर्षा सिस्टर होत्या.

"मॅडम, कवापासनं लावतीय तुमाला. आमची लाइट गेली अचानक. तुमच्याकडं हाय का?"

"आहे," मी म्हणाले. "सिस्टर, तुमच्याकडे कुणी आहे का?"

"मोनाली हाय की, खालच्या वाडीची. माहेरी आलीया. सकाळीच झाली. बाळाला धाप लागलीया, ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवलं हुतं. लसीच्या खोलीतल्या प्लगावर लावलं हुतं मॅडम, तेवढाच चालू असतो. त्योच बंद झालाय."

समतोलच्या दृष्टीने तो प्लग म्हणजे फ्रीज होता. फ्रीज थांबू शकतो.

मी बाळाला पेटीतून काढून पुन्हा हर्षदच्या छातीवर ठेवलं. "परत दे," मी म्हणाले. "उंबरमाळला परत दे. आत्ता."

त्याने लगेच अंगठा दाबला. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्याला कळलं असावं. आमच्या खोलीत पुन्हा अंधार झाला. सासूबाईंनी विजेरी उचलली. आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो आणि हर्षदच्या छातीवर त्याची भाची चुटुचुटु आवाज करत होती.

फोन आला. वर्षा सिस्टरच होत्या.

"लाइट आली मॅडम," त्या म्हणाल्या. "आता राहू द्या. तुमच्याकडंच ठेवा."

चौकशी झाली. चौकशीला आलेले साहेब सभ्य होते, चहा पिऊन झाल्यावर कप स्वतः उचलून ठेवणारे. त्यांचा निष्कर्ष असा: यंत्रणा बरोबर चालली, पिंपरतळने पेटीत भाजी ठेवून तिची दिशाभूल केली. शैला सिस्टरची बदली घाटाखाली झाली. मोनालीचं बाळ कागदोपत्री उंबरमाळच्या नावावर मेलंच नाही, ते तिच्या सासरच्या केंद्राच्या आकड्यात गेलं, आणि तिथल्या सिस्टरांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. दर वेळी हेच होत आलं होतं. चूक एका ठिकाणी व्हायची आणि मोजली जायची भलतीकडेच, म्हणून समतोल त्यातून कधी काही शिकलाच नाही. हाताने वीज वळवल्याचा विषय चौकशीत निघाला नाही. मी काढला तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुमच्या घरातलंच बाळ वाचलं ना?" हर्षदला कंपनीने गप्प राहायला सांगितलं होतं. तो गप्प राहिला.

पुण्याला जाऊन त्याने समतोल दुरुस्त केला. एका दुपारचं काम होतं. गरोदर बाईच्या नोंदीत एक प्रश्न वाढवायचा: बाळंतपणाला माहेरी जाणार का, आणि माहेर कुठलं? बस. उंची विचारली होती, रक्तगट विचारला होता, अंगठा घेतला होता, डोळ्याचा फोटो घेतला होता. हे तेवढं विचारलं नव्हतं. हर्षदने फोनवर ही दुरुस्ती आईला समजावून सांगितली, तेव्हा सासूबाई इतकंच म्हणाल्या, "आरं, पोटुशी दिसली की पानवठ्यावरली कुनीबी बाई पयलं ह्येच इचारती. तुमच्यात कुनाला आया न्हाईत का रं?"

दिवाळी झाल्यावर सुधारित समतोलच्या उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला, आणि तोही पिंपरतळलाच. अंगणात मांडव घातला, मंचावर खुर्च्या मांडल्या. गावच्या सुपुत्राचा सत्कार होणार होता. वैद्यकीय अधिकारी म्हणून शाल-श्रीफळ मी द्यायचं होतं. उंबरमाळच्या बायकाही होडीने आल्या होत्या, मागच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. मोनाली आली नव्हती. तिची आई आली होती, आणि माझ्या सासूबाई पुढच्या खुर्चीवर न बसता जाऊन तिच्या शेजारी बसल्या होत्या.

सकाळी सासूबाईंनी परसातल्या वेलीचा यंदाचा पहिला कोहळा तोडून माझ्यापुढे ठेवला होता. मी तो दुपट्यात गुंडाळून केंद्रावर घेऊन आले.

भाषणं झाली. या यंत्राने किती जीव वाचवले ते सांगून झालं. हर्षदचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. मी त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि तबकातलं श्रीफळ बाजूला सारून दुपट्यातला कोहळा त्याच्या हातांत दिला. त्याला मी तीट लावली होती.

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, गावाकडची काही रीत असेल असं त्यांना वाटलं असावं. हर्षद हसला नाही. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, जसं त्या दिवशी भाचीला धरलं होतं तसाच, छातीशी. खाली कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. कोहळा तसाच धरून तो माइकपाशी गेला. त्याच्या खिशात लिहून आणलेलं भाषण होतं, ते त्याने काढलं नाही.

"उंबरमाळची वीज यंत्राने तोडली नाही," तो म्हणाला. "मी तोडली. माझ्या बहिणीसाठी, साहेबांना फोन करून. तिथे मोनालीचं बाळ होतं. शैला सिस्टरचा यात काही दोष नाही. आम्हाला दोन वर्षांपासून सांगितलं जात होतं आणि आम्ही..."

मंचावरच्या मोठ्या साहेबांनी ध्वनिक्षेपकवाल्याकडे बघून बोट हलवलं. माइक बंद झाला. वीज गेली नव्हती. त्या दिवशी कडक ऊन होतं आणि आमच्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

हर्षद मागे वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सुचवलं नाही. हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. मग तो माइक सोडून मंचाच्या कडेला आला आणि तसाच बोलू लागला, पण आवाज फुटत नव्हता.

मागच्या सतरंजीवरून सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात मोनालीच्या आईचा हात होता.

"मोठ्यानं बोल, हर्षद," त्या म्हणाल्या. "हितं मागं ऐकू येत न्हाई."